वाक्याचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. नाही विचारणार. पण छापलेल्या वाक्याचं कूळ मात्र खोदून खोदून विचारावं, असं तीस वर्षं ग्रंथपालाच्या खुर्चीत बसल्यावर माझं ठाम मत झालं आहे. ते झालं कसं, हे सांगायचं तर पाचोऱ्याकडच्या एका मुलीची गोष्ट सांगावी लागेल.

आमचं महाविद्यालय जळगाव जिल्ह्यातलं. अजिंठ्याची लेणी तशी शेजारच्या जिल्ह्यात, पण रेल्वेने येणारा माणूस जळगावलाच उतरतो, त्यामुळे आम्ही ती आपलीच समजतो. इतिहासाच्या शेवटच्या वर्षाची निम्मी मुलं दरवर्षी प्रकल्पाला अजिंठा घेतात. विषय जवळचा, एसटी सोयीची आणि इंटरनेटवर माहिती ढीगभर. या तिसऱ्या कारणाने तर माझी झोप उडते.

ही मुलगी आली ती चार पानं टाइप करूनच. ‘मॅडम, प्रकल्प झालाय, फक्त संदर्भ तेवढे टाकायचे आहेत. चार-पाच पुस्तकांची नावं द्या ना.’ म्हणजे वरात निघाली आणि आता नवरदेव शोधायचा! मी पानं चाळली. एका वाक्यावर बोट ठेवलं : ‘लेणे क्रमांक १ मध्ये चालुक्य राजा दुसरा पुलकेशी इराणच्या राजदूताचे स्वागत करीत असल्याचे चित्र आहे.’

‘हे कोणी म्हटलंय?’

‘सगळेच म्हणतात, मॅडम. गाईडसुद्धा सांगतात.’

‘सगळे म्हणजे कोण? पहिल्यांदा कोण म्हणालं?’

तिने फोन काढून मला पाच ठिकाणं दाखवली. पाचही ठिकाणी तेच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत. मी तिला म्हटलं, ‘गावातल्या पाच जणांनी एकाच माणसाकडून ऐकलेली गोष्ट सांगितली, तर साक्षीदार किती झाले? पाच की एक?’ ती हसली. मग म्हणाली, ‘एक. आणि तो एक कोण, ते माहीत नाही.’ प्रकल्प खरा तिथून सुरू झाला.

कपाटापासून सुरुवात

मुलं आधी संगणकाकडे धावतात. मी त्यांना आधी कपाटांकडे नेते. आमच्या ग्रंथालयात पुस्तकं ड्यूईच्या दशांश पद्धतीने लावलेली आहेत. कलेचा वर्ग ७००चा. भारतीय कलेचा इतिहास ७०९.५४ला, भारतीय चित्रकला ७५९.९५४ला. विद्यार्थी तिथे जातो, दोन पुस्तकं दिसतात आणि परत येऊन म्हणतो, ‘काहीच नाही.’ पण अजिंठा काय फक्त चित्रकलेत बसतो? डोंगरात कोरलेला विहार म्हणून तो धार्मिक वास्तूंच्या ७२६मध्ये सापडतो. भिंतीवरच्या कथा बौद्ध धर्माच्या २९४.३मध्ये, आणि ज्यांच्या काळात काम झालं ते राजे ९५४मध्ये, भारताच्या इतिहासात. चार कपाटं, चार भिंती. कलेच्या इतिहासाचं पुस्तक शोधणं म्हणजे एकत्र कुटुंबातला माणूस शोधणं आहे. तो आपल्या खोलीत क्वचितच असतो.

कपाटापाशी गेल्यावर पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं नाही. शेवटून उघडायचं. शेवटी निर्देशसूची असते, तिथे ‘पुलकेशी’ शोधायचा, ‘इराण’ शोधायचा, पान गाठायचं आणि त्या पानावरची तळटीप वाचायची. ज्या पुस्तकाला तळटीप नाही, संदर्भसूची नाही, निर्देशसूची नाही, ते वाईट असतं असं नाही. प्रवासात वाचायला ते छान असेल. पण पुरावा म्हणून ते उभं राहत नाही, कारण आपल्याला कळलं कुठून ते त्याने सांगितलेलंच नसतं. अभ्यासाचं पुस्तक आणि माहितीचं पुस्तक यांतला फरक मी मुलांना एवढ्या एका कसोटीवर शिकवते.

मराठीतून सुरुवात करायची तर मराठी विश्वकोशातली नोंद वाचायची आणि तिच्याखाली बारीक टायपात दिलेले संदर्भ उतरवून घ्यायचे. नोंद सगळे वाचतात, संदर्भ कोणी पाहत नाही. त्यानंतर नागपूरचे वा. वि. मिराशी. वाकाटक राजांवरचं त्यांचं मराठी पुस्तक आमच्याकडे आहे. त्यांनी संपादित केलेला वाकाटकांच्या कोरीव लेखांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९६३ साली निघाला. अजिंठ्याच्या १६व्या लेण्यात हरिषेण या वाकाटक राजाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. हे लेणं वराहदेवाने करवून घेतलं, असं त्या लेखावरून कळतं. आमच्या मुलीने तीन दिवस मिराशींचं पुस्तक वाचलं आणि चौथ्या दिवशी गोंधळून आली.

‘मॅडम, हरिषेण पाचव्या शतकातला. पुलकेशी सातव्या शतकातला. मग पहिल्या लेण्यात पुलकेशी आला कुठून?’

मला फार आनंद झाला. प्रश्न विकत मिळत नाही. दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की तो आपोआप पडतो.

उलटं चालत जाणं

आता मागे जायचं होतं. आमच्याकडच्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात राजदूताच्या चित्राचा उल्लेख होता आणि तळाशी टीप : फर्ग्युसन, रॉयल एशियाटिक सोसायटीचं नियतकालिक, १८७९.

‘पुण्याच्या कॉलेजचे फर्ग्युसन?’ तिने विचारलं. चूक अगदी स्वाभाविक आहे, पण हे फर्ग्युसन वेगळे. पुण्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव दिलं ते सर जेम्स फर्ग्युसन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. आपले जेम्स फर्ग्युसन हे निळीच्या धंद्यासाठी भारतात आलेले आणि पुढे भारतीय वास्तुकलेचे इतिहासकार झालेले गृहस्थ. नाव एक, आडनाव एक, काळही जवळपास एक. म्हणून ग्रंथालयाच्या तालिकेत लेखकाच्या नावापुढे जन्म-मृत्यूची सालं देतात. तो कारकुनी सोपस्कार वाटतो, पण दोन माणसांचा एक माणूस होऊ नये म्हणून तो असतो.

लेख शोधायला ती संगणकावर बसली. इराणच्या राजाचं नाव ‘खुस्रो’ टाकलं, ‘अजिंठा’ टाकलं, वेगवेगळी स्पेलिंगं करून पाहिली. काही नाही. तासाभराने मी शेजारी खुर्ची ओढली. जुने लेख शोधताना आजचं स्पेलिंग कामाचं नसतं. आज आपण ज्याला खुस्रो म्हणतो त्याला एकोणिसाव्या शतकातले इंग्रज ग्रीक वळणाने ‘चॉस्रोएस’ असं लिहीत. अजिंठ्याचं ‘अजुंटा’ होई, पुलकेशीचा ‘पुलिकेशी’. चित्रांचंही तेच. कोणी त्यांना ‘फ्रेस्को’ म्हणतं, कोणी ‘म्युरल’, कोणी नुसतं ‘वॉल पेंटिंग’. खरं तर अजिंठ्याची चित्रं वाळलेल्या गिलाव्यावर काढलेली, म्हणजे ओल्या गिलाव्यावरचा फ्रेस्को नव्हेच. पण लेडी हेरिंगहॅम यांच्या १९१५च्या प्रसिद्ध ग्रंथाच्या नावातच ‘फ्रेस्कोज’ आहे. चुकीचा शब्द टाळून शोधायला गेलात तर तो ग्रंथ हाती लागणार नाही. मी प्रत्येक विद्यार्थ्याला वहीच्या शेवटच्या पानावर शब्दांची यादी करायला लावते : एकाच वस्तूला कोणकोणत्या काळात कोणकोणती नावं होती. त्या यादीतला एक नेमका शब्द तुमचे आठ दिवस वाचवतो.

नवं स्पेलिंग टाकलं आणि लेख मिळाला. त्या नियतकालिकाचे जुने खंड स्कॅन होऊन इंटरनेट अर्काइव्हवर पडलेले आहेत, फुकट. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथालयांतली हजारो पुस्तकंही तिथे आहेत. फक्त त्यांच्या नावांत टायपिंगच्या चुका पुष्कळ. लेखकाच्या नावाने नाही मिळालं तर पुस्तकाच्या नावातल्या एखाद्याच ठसठशीत शब्दाने शोधावं.

फर्ग्युसन यांनी मांडलेलं असं : पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी पोशाखातला, हातात पेला घेतलेला पुरुष आहे, तो सासानी राजा दुसरा खुस्रो. आणि पुढच्या भिंतीच्या आतल्या बाजूला दरबाराचं जे चित्र आहे, त्यात टोकदार टोप्या घातलेले दाढीवाले परदेशी लोक सिंहासनावरच्या भारतीय राजाला भेटत आहेत, तो पुलकेशी. या मताला आधार सापडला तो तबरी या मुसलमान इतिहासकाराच्या ग्रंथातला. खुस्रो आणि एक भारतीय राजा यांच्यात देवाणघेवाण झाल्याची नोंद त्यात आहे. तर्क देखणा होता. एका चित्राने राजा मिळाला, साल मिळालं, शिवाय इराणशी संबंधही मिळाला. आणि चित्राला साल मिळालं म्हणून लेण्यालाही तेच चिकटलं. पहिलं लेणं सातव्या शतकातलं, असं पुस्तकांतून छापलं जाऊ लागलं.

मुलगी म्हणाली, ‘म्हणजे वाक्याचा बाप सापडला!’

‘सापडला. आता तो अजून कर्ता आहे का, ते बघ.’

पुढे चालत येणं

मुलं मागे जायला शिकतात, पण पुढे यायला विसरतात. १८७९चा लेख मिळाला की त्यांना गड जिंकल्यासारखं वाटतं. त्यानंतर शंभर-दीडशे वर्षं अभ्यासक झोपलेले नव्हते, हे ध्यानात राहत नाही. गूगल स्कॉलरवर एखाद्या लेखाखाली तो पुढे कोणी उद्धृत केला याची साखळी मिळते. नव्या लेखांसाठी ती उत्तम. इतक्या जुन्या लेखाला ती अपुरी पडते. तिथे एकच युक्ती : त्या विषयावरचं सगळ्यात अलीकडचं भारदस्त पुस्तक शोधायचं आणि त्याची संदर्भसूची घेऊन बसायचं.

अजिंठ्याच्या बाबतीत दोन नावं टाळताच येत नाहीत. पहिलं वॉल्टर स्पिंक यांचं. हे अमेरिकन प्राध्यापक आयुष्यभर या लेण्यांच्या मागे लागले. दरवाजांच्या बिजागऱ्यांची भोकं, अर्धवट सोडलेले खांब यांवरून त्यांनी कामाचा क्रम लावला, आणि महायान काळातली जवळजवळ सगळी लेणी हरिषेणाच्या आगेमागे, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वीसेक वर्षांत झाली असं मांडलं. त्यांचे खंड २००५पासून निघाले. दुसरं नाव डीटर श्लिंगलॉफ या जर्मन अभ्यासकाचं. त्यांनी खराब झालेल्या चित्रांची रेषाचित्रं तयार करवली आणि एकेक प्रसंग संस्कृत-पाली कथांशी जुळवून पाहिला. त्यांचा या ओळखींवरचा ग्रंथ १९८७ साली दिल्लीतच प्रसिद्ध झाला.

आमच्याकडे दोन्ही नव्हते. स्पिंक यांच्या एका खंडाची किंमत पाहून आमच्या लेखापालांनी मला चहा पाजला होता, तेवढीच आठवण. पण ‘आमच्याकडे नाही’ हे ग्रंथपालाचं उत्तर असू शकत नाही. दिल्लीचं डेलनेट हे ग्रंथालयांचं जाळं १९८८पासून चालतं. सभासद ग्रंथालयं त्यातून एकमेकांची पुस्तकं उसनी आणतात, लेखांच्या प्रती मागवतात. मी मागणी नोंदवली. आणि मुलीच्या हातात प्राचार्यांच्या सहीचं पत्र दिलं. असं पत्र आणि महाविद्यालयाचं ओळखपत्र असलं की बहुतेक विद्यापीठांची, संशोधन संस्थांची ग्रंथालयं तिथे बसून वाचू देतात. पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. जुन्या नियतकालिकांसाठी मुंबईची एशियाटिक सोसायटी आहे. तिचा आरंभ १८०४चा, आणि अजिंठ्याचे कोरीव लेख वाचणारे डॉ. भाऊ दाजी लाड याच संस्थेचे. जाण्याआधी फोन करावा, पुस्तकाचा तालिका क्रमांक लिहून न्यावा आणि डबा न्यावा. वाचायला बसल्यावर भूक लागते.

चार महिन्यांत उत्तर हाती आलं. श्लिंगलॉफ आणि स्पिंक दोघांच्याही मते त्या भिंतीवर पुलकेशी नाही. तो महासुदर्शन राजा आहे, कुशावती नगरीचा चक्रवर्ती, बुद्धाचा पूर्वजन्म. पालीत दीघनिकायातलं सतरावं सुत्त त्याच्यावरच आहे. दरबारातले परदेशी म्हणजे राजाचं वैभव दाखवण्यासाठी काढलेले, चित्रकाराने बाजारपेठांतून पाहिलेले लोक असू शकतात. आज बहुतेक अभ्यासक पहिलं लेणं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं मानतात. म्हणजे पुलकेशी गादीवर येण्याच्या शंभरेक वर्षं आधी रंग वाळलेला होता! स्पिंक यांची नेमकी सालं सगळ्यांना मान्य नाहीत, त्यावर वाद आहेत, तेही तिने वाचले. उत्तर शोधता शोधता ती ७५९.९५४च्या कपाटापासून २९४.३च्या कपाटापर्यंत पोचली होती. मधलं अंतर सतरा पावलांचं. मोजून सांगते.

चित्र हेही कागदपत्रच

कलेच्या इतिहासात आणखी एक पेच असतो. पुस्तकातलं चित्र हेही पुरावा म्हणूनच वाचायचं असतं आणि त्यालाही साल असतं. १८४४मध्ये मद्रास सैन्यातले रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला घेतल्या. वर्षानुवर्षांचं ते काम लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत बहुतेक जळालं. मग १८७२पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे राबले. त्यांच्या नकलांपैकीही पुष्कळ १८८५ला लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत गेल्या. उरल्या त्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. त्यानंतर निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांचे ग्रंथ १९३०पासून पंचवीस वर्षांत निघाले.

आता विचार करा, या तिघांच्या काळात भिंत तीच राहिली का? गिलावा पडला, व्हार्निशने रंग काळवंडले. म्हणून प्रकल्पात नुसतं ‘अजिंठ्याचे चित्र’ लिहून भागत नाही. हे कोणाच्या नकलेवरून, कोणत्या सालचं, आता कुठे ठेवलेलं, हे तीन शब्दांत का होईना, लिहावं लागतं. ग्रिफिथ्सच्या नकलेत दिसणारा हात आज भिंतीवर नसेलही.

काय वापरावं, काय जपून

घरबसल्या मिळणाऱ्या सोयींबद्दल थोडक्यात सांगते, कारण यादीच मोठी आहे. अनुदानित महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेची ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं देणारी एन-लिस्ट योजना आहे. तिचा लॉगिन आपल्या ग्रंथपालाकडूनच मिळतो, आणि मागायला येणारे वर्षाला दहासुद्धा नसतात. देशभरचे पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर खुले आहेत. प्रबंध कमी-अधिक दर्जाचे असतात, पण त्यांच्या संदर्भसूच्या म्हणजे आयत्या वाटा. जेस्टोअरवर जुन्या कला-नियतकालिकांचा मोठा साठा आहे, आणि त्यातले बरेच लेख स्वतःचं खातं काढून पडद्यावर वाचता येतात. १९४६ला मुंबईत सुरू झालेल्या ‘मार्ग’ या कला-नियतकालिकाचे बांधीव अंक मात्र हातात घेऊनच पाहावेत.

आणि जपून काय वापरावं? गेल्या वर्षी एक मुलगा तीन संदर्भ घेऊन आला. लेखक, साल, खंड, पान, सगळं व्यवस्थित. आम्ही दोघांनी दिवसभर शोधलं. ते लेख जगात कुठेच नव्हते. त्याला ते यंत्राने लिहून दिले होते, दिसायला अगदी खऱ्यासारखे. त्या दिवसापासून माझा नियम आहे : जो संदर्भ तुम्ही स्वतः उघडून पाहिला नाही, तो तुमच्या यादीत नको. दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतला असेल तर ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असं लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही.

मग वाक्य काय झालं?

प्रकल्प द्यायच्या आधी ती एकटी पहिल्या लेण्यात जाऊन आली. परत आल्यावर म्हणाली, ‘मॅडम, गाईड माझ्या शेजारच्या लोकांना पुलकेशीच सांगत होता. मी गप्प बसले. पण चित्राकडे बघताना मला पाच माणसं दिसत होती. फर्ग्युसन, ग्रिफिथ्स, मिराशी, स्पिंक, श्लिंगलॉफ.’

तिचं जुनं वाक्य एका ओळीचं होतं. नवं सहा ओळींचं झालं : १८७९मध्ये फर्ग्युसन यांनी हा प्रसंग पुलकेशीच्या दरबाराचा मानला, तो समज शतकभर टिकला, लेण्याचा काळ वाकाटकांशी जुळल्यावर तो मागे पडला, आता हा महासुदर्शनाचा प्रसंग समजतात. खाली चार तळटिपा. चारही तिने उघडून पाहिलेल्या. परीक्षकांनी तिला विचारलं, एवढं कुठून मिळवलंस? तिने सांगितलं, कॉलेजच्या ग्रंथालयातून. त्यांना ते खरं वाटलं नाही म्हणे.

तुमच्या मुलामुलींच्या, नातवंडांच्या महाविद्यालयातही असं एक ग्रंथालय असेल आणि त्यात दुपारी रिकामा बसलेला एखादा ग्रंथपाल असेल. त्याला पुस्तकांची नावं मागू नका, प्रश्न घेऊन जा. आणि वेळेचं म्हणाल तर अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. आमचं ग्रंथालय सोमवारी उघडं असतं.